स्पंजांतील बुरशी : घरमालक कोण आणि बिऱ्हाडकरू कोण?

कवठे महांकाळच्या बाजारपेठेंत शेतीच्या औषधांच्या एखाद्या दुकानांत घटकाभर बसलें, म्हणजे 'बुरशी' ह्या एका शब्दाचे दोन परस्परविरुद्ध अर्थ कानीं पडतात. द्राक्षबागाईतदार येतो तो बहुधा भुरीची किंवा केवड्याची तक्रार घेऊन. पानावर पांढरी भुकटी धरली आहे, घड कुजूं लागले आहेत, आतां काय फवारावें, हा त्याचा प्रश्न. (केवडा ही शास्त्रदृष्ट्या खरी बुरशी नव्हे असें वनस्पतिशास्त्राचे आमचे सहकारी बजावतात, पण बागाईतदाराचें नुकसान त्यामुळें कमी होत नाहीं.) दुकानदार त्यास बुरशी मारण्याचें औषध काढून देतो, आणि त्याच फळीवरून, त्याच हातानें, दुसरी एक पुडी खालीं घेऊन ती शेणखतांत मिसळून मुळांशीं घालावयास सांगतो. ह्या पुडींत काय असतें? तर बुरशीच. तिचें नांव ट्रायकोडर्मा. मुळें कुजविणाऱ्या इतर बुरशींवर ती तुटून पडते, म्हणून ती बागेची राखणदार.

बागाईतदारांस ह्यांत नवल वाटत नाहीं. आम्हीं मात्र एका शास्त्रीय लेखांत जेव्हां असें वाचलें कीं ह्याच ट्रायकोडर्माची एक जाति समुद्रांतील एका स्पंजाच्या अंगांत सांपडली आणि तिच्यापासून एक अगदीं नवें रसायन हातीं आलें, तेव्हां आम्ही चकित झालों. पावसाची वाट पाहण्यांत ज्या मुलखाचा जन्म जातो त्या मुलखांतील मातीची बुरशी समुद्राच्या पाण्यांत, तीही एका प्राण्याच्या पोटांत, कशी गेली? आम्ही इतिहासाचे शिक्षक. रसायनशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु शास्त्रालाही इतिहास असतो, आणि शोध घेऊं लागलों तेव्हां असें दिसून आलें कीं ह्या इतिहासाची पहिलीं पानें मुंबईंत, आणि त्यांतील एक तर आमच्या जुन्या सातारा जिल्ह्यांत, लिहिलीं गेलीं आहेत. तीं वाचकांपुढें ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

स्पंज म्हटला म्हणजे आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढें बँकेंतील रोखपालाच्या मेजावरची कांचेची वाटी येते. नोटा मोजतांना बोटें ओलीं करण्यासाठीं तींत एक पिवळट, सच्छिद्र, मऊ गोळा पाण्यांत ठेवलेला असे. हल्लीं तो कृत्रिम पदार्थाचा असतो. पण मूळ वस्तु म्हणजे एका सागरी प्राण्याचा सांगाडा. हा प्राणी मोठा विलक्षण. त्यास तोंड नाहीं, पोट नाहीं, मज्जातंतु नाहींत, हातपाय नाहींत. खडकास चिकटून जन्म काढावयाचा, अंगावरील असंख्य बारीक छिद्रांवाटे पाणी आंत घ्यावयाचें, त्यांतील सूक्ष्म जीव गाळून खावयाचे आणि उरलेलें पाणी मोठ्या छिद्रावाटे बाहेर टाकावयाचें, हाच त्याचा संसार. एक किलो वजनाचा स्पंज एका दिवसांत हजारों लिटर पाणी असें गाळूं शकतो. त्यास पळून जातां येत नाहीं, चावतां येत नाहीं, अंगावर कवच नाहीं. तेव्हां शत्रूपासून बचाव करावयाचा तो बहुतेक विषानेंच. म्हणून स्पंजांच्या अंगांत नाना प्रकारचीं जहाल रसायनें सांपडतात, आणि औषधें शोधणारांची दृष्टि त्यांच्याकडे वळली ती ह्याच कारणानें. परंतु हीं रसायनें स्पंज स्वतः तयार करतो, कीं त्याच्या अंगांत बिऱ्हाड करून राहिलेला दुसराच कोणी तयार करतो? वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या ह्या प्रश्नानें भल्याभल्यांस चकविलें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई हें तलावांचें गांव होतें. नळाचें पाणी यावयाचें होतें. विहिरी आणि तलाव ह्यांवरच वस्तीची तहान भागे. कंपनी सरकारच्या वैद्यकीय नोकरींत असलेला हेन्री जॉन कार्टर हा ह्या तलावांच्या कांठीं हिंडूं लागला. त्याचा जन्म १८१३ सालीं इंग्लंडच्या डेव्हन परगण्यांत झाला होता. १८४४ ते १८४६ ह्या काळांत 'पॅलिन्युरस' नांवाच्या जहाजावर शस्त्रवैद्य म्हणून राहून त्यानें अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्याची पाहणी जवळून पाहिली होती. पुढें रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचें चिटणीसपद त्यानें संभाळलें, आणि मुंबई बेटाच्या भूगर्भावरही लिहिलें. पण जगानें त्याचें नांव लक्षांत ठेवलें तें स्पंजांसाठीं.

स्पंज बहुतेक सारे समुद्रांतले. कांहीं थोडे मात्र गोड्या पाण्यांत वाढतात. मुंबईच्या तलावांतील अशा स्पंजांवर कार्टरनें १८४८ व १८४९ सालीं जे निबंध प्रसिद्ध केले ते आजही ह्या विषयाच्या पायाचे दगड मानले जातात. स्पंज ही वनस्पति कीं प्राणी, हा वाद तेव्हां पुरता मिटला नव्हता. ग्रांट नांवाच्या स्कॉच पंडितानें स्पंजाच्या छिद्रांतून वाहणारे पाण्याचे प्रवाह त्यापूर्वीं वीसएक वर्षें दाखवून दिले होते, तरी हिरवट रंगाचा, हलतां न येणारा हा गोळा प्राणी आहे हें पुष्कळांच्या गळीं उतरत नव्हतें. कार्टरची पद्धत साधी होती. उन्हाळ्यांत तलावांचें पाणी उतरलें म्हणजे दगडांवर स्पंजांचीं वाळलेलीं पुटें उघडीं पडत, आणि त्यांत मोहरीहून बारीक असे बियांसारखे गोल कण दिसत. हे कण घरीं आणून त्यानें पाण्यांत ठेवले. त्यांतून पुन्हां जिवंत स्पंज कसा उमलतो, त्याच्या पेशी कशा हालतात, अन्न कसें गिळतात, हें तो सूक्ष्मदर्शकांतून पाहत राहिला, आणि स्पंजाच्या प्राणिपणाची साक्ष त्यानें मुंबईच्या तलावांतून उभी केली. पांढरी, राखी, पिसाऱ्याची अशा अर्थाचीं लॅटिन नांवें त्यानें ह्या जातींस दिलीं. एका जातीस पुढें बोवरबँक ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें कार्टरचेंच नांव दिलें. आमच्याकडील किती तलावांस अशी कीर्ति लाभली असेल!

ह्याच मुंबईंत १८५८ सालीं दुसरा एक कार्टर उतरला. आडनांव तेंच, पहिलें नांवही तेंच, माणूस मात्र निराळा : हेन्री व्हॅनडाइक कार्टर. त्याच वर्षीं लंडनांत ग्रे ह्याचा शारीरशास्त्रावरील सुप्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला. त्यांतील चित्रें ह्या कार्टरच्या हातचीं. पण मुखपृष्ठावर त्याचें नांव ग्रेच्या नांवाहून लहान अक्षरांत पडलें, आणि विक्रीच्या प्रत्येक हजार प्रतींवर ग्रेला मोबदला ठरला असतां कार्टरची बोळवण एकरकमी दीडशें पौंडांवर झाली. एकाचें घर आणि दुसऱ्याचें नांव, हा प्रकार केवळ स्पंजांतच चालतो असें नाहीं.

व्हॅनडाइक कार्टर ग्रँट मेडिकल कॉलेजांत शारीरशास्त्राचा अध्यापक झाला. तेथें त्याच्यापुढें एक भयंकर रोग आला. अनवाणी शेतांत राबणाऱ्या माणसाच्या पायांत बाभळीचा किंवा दुसरा कसला तरी कांटा मोडतो, महिन्यामहिन्यांनीं पाय सुजत जातो, त्यास छिद्रें पडतात आणि त्यांतून बंदुकीच्या दारूसारखे काळे किंवा माशाच्या अंड्यांसारखे फिकट कण वाहतात. शेवटीं पाय कापावा लागे. मद्रासकडील डॉक्टरांस हा रोग मदुरेच्या नांवानें ठाऊक होता. हे कण म्हणजे माणसाच्या मांसांत वाढणारी बुरशी आहे, हें व्हॅनडाइक कार्टरनें १८६० पासून आग्रहानें मांडलें. बुरशी शिळ्या भाकरीवर यावी, लोणच्यावर यावी. जिवंत माणसाच्या हाडामांसांत तिनें घर करावें, ही कल्पना त्या काळीं धक्का देणारी होती. १८६३ मध्यें त्याची नेमणूक सातारा येथें सिव्हिल सर्जन म्हणून झाली आणि १८७२ पर्यंत तो तेथें होता. आजचा सांगली जिल्हा १९४९ सालीं 'दक्षिण सातारा' म्हणून निराळा काढला गेला व १९६० सालीं त्यास सांगलीचें नांव मिळालें. आमच्या बाजूच्या पायांत कांटे तेव्हांही होते आणि वहाणा थोड्यांच्याच नशिबीं होत्या. साताऱ्यानंतर दोन वर्षांनीं, १८७४ मध्यें, त्याचा ह्या रोगावरील ग्रंथ निघाला.

आतां गंमत पहा. रोग बुरशीचा, हा व्हॅनडाइक कार्टरचा मूळ सिद्धान्त काळ्या कणांच्या बाबतींत पूर्ण खरा ठरला. पण ती बुरशी कोणती? कापून बाटलींत ठेवलेल्या नमुन्यांवर कालांतरानें एक तांबूस बुरशी उगवलेली दिसली. ती इंग्लंडांत बर्कले ह्या नामांकित कवकशास्त्रज्ञानें पाहिली आणि कार्टरच्या गौरवार्थ तिला त्याचें नांव दिलें. पुढें असें ठरलें कीं त्या तांबूस बुरशीचा रोगाशीं कांहींएक संबंध नाहीं. बाटलींत हवेंतून येऊन पडलेली ती एक वाटसरू होती. खऱ्या बिऱ्हाडकरूची ओळख विसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रेंच संशोधकांनीं पटविली आणि त्यास मदुरेवरून नांव मिळालें. धर्मशाळेंत झोपलेल्या उताराला घरचा माणूस समजावें, तशी ही चूक. ती वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

थोरला कार्टर १८६२ सालीं मायदेशीं परतला. रॉयल सोसायटीनें त्यास १८५९ मध्येंच सभासद करून घेतलें होतें. १८७२ मध्यें तिनें त्यास आपलें रॉयल पदकही दिलें. डेव्हनच्या समुद्रकांठच्या आपल्या लहानशा जन्मगांवीं तो राहिला, आणि जगांतील समुद्रांतून गोळा केलेले वाळके स्पंज त्याच्याकडे येऊं लागले. त्यांत लंकेजवळच्या मनारच्या आखातांतले स्पंजही होते. १८७८ सालीं त्यानें स्पंजांच्या अंगांत राहणाऱ्या परोपजीवींवर एक निबंध लिहिला. समुद्रांतील कांहीं शिंगी स्पंजांच्या देहांत केंसांहूनही बारीक असे तंतु गच्च भरलेले दिसत, आणि प्रत्येक तंतूच्या टोंकाला एक लहानशी गांठ असे. हे तंतु स्पंजाचे नव्हेत, स्पंजास खाऊन वाढणाऱ्या कोणा परक्या जीवाचे आहेत, असें कार्टरनें ठरविलें आणि त्या जीवाचें नांव ठेवलें 'स्पंजभक्षक'. त्यापूर्वीं कोलिकर ह्या शारीरशास्त्रज्ञानेंही स्पंजांच्या कठीण तंतूंत बुरशीसारखीं वनस्पतिमय बांडगुळें शिरलेलीं पाहिल्याचें १८५९ च्या सुमारास सांगितलें होतें. तेव्हां कार्टरची कल्पना अगदींच आकाशांतून पडलेली नव्हती.

परंतु ती चूक होती. पुढील संशोधनानें दाखविलें कीं गांठीदार टोंकांचे ते तंतु त्या स्पंजाचे स्वतःचेच आहेत. आपल्या शरीरास बळकटी यावी म्हणून तो ते विणतो. म्हणजे घरमालकाच्या घराचे वासे पाहून कार्टरनें बिऱ्हाडकरूची वर्दी दिली! ज्या गटाच्या स्पंजांत हे तंतु असतात त्यास आज इर्सिनिया म्हणतात. थोरला कार्टर १८९५ सालीं वारला. 'स्पंजभक्षका'चें नांव शास्त्राच्या अडगळींत पडलें, आणि स्पंजांत बुरशी राहते काय, हा प्रश्नही त्याबरोबर तेथेंच पडून राहिला.

मधला अर्धशतकाचा काळ आम्ही एका वाक्यांत ओलांडतों, कारण स्पंजांच्या बाजूनें त्यांत आमच्या विषयाचें फारसें कांहीं घडलें नाहीं. १९४५ सालीं वेर्नर बेर्गमान ह्या अमेरिकेंत राहणाऱ्या रसायनशास्त्रज्ञानें फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ एक स्पंज उचलला आणि त्यांतून, १९५० च्या आसपास, कांहीं अपूर्व द्रव्यें वेगळीं केलीं. प्रत्येक सजीवाच्या पेशींत आनुवंशिक द्रव्याचे जे घटक असतात त्यांच्यासारखींच तीं होतीं, फक्त त्यांतील साखर निराळी. ही नक्कल पेशीस फसवूं शकेल असें दिसल्यावर रसायनशास्त्रज्ञांनीं तिच्या धर्तीवर १९५९ सालीं प्रयोगशाळेंत सायटाराबीन बनविलें, आणि १९६९ मध्यें अमेरिकेंत रक्ताच्या कर्करोगावरील औषध म्हणून त्यास परवानगी मिळाली. आज तें जगभर वापरांत आहे. कित्येक मराठी घरांनींही तें नांव रुग्णालयाच्या कागदावर वाचलें असेल. ह्या यशाचें सारें श्रेय स्पंजास गेलें. घरांत आणखी कोणी राहतो काय, ही चौकशी त्या वेळीं कोणी केली नाहीं.

इकडे जमिनीवर बुरशीचें दैव केव्हांच उघडलें होतें. फ्लेमिंगनें १९२८ सालीं पेनिसिलिनची बुरशी पाहिली, ही कथा शाळेंतील मुलासही पाठ आहे. ती आम्ही पुन्हां सांगत नाहीं. कारखान्यांत जी बुरशी खरी उपयोगी पडली ती मात्र फ्लेमिंगची नव्हे. ती १९४३ सालीं अमेरिकेंतील पिओरिया गांवच्या एका खरबुजावर सांपडली, आणि पेनिसिलियम क्रायसोजेनम ह्या नांवानें प्रसिद्ध झाली. आमच्याकडे पुण्याजवळ पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि जें औषध पूर्वीं साता समुद्रांपलीकडून येई तें तेथें तयार होऊं लागलें. ह्याच कारखान्यांत तिरुमलाचार ह्यांनीं बुरशीच्या रोगांवरील हमायसिन हें औषध शोधलें; तें देणाऱ्या सूक्ष्मजंतूच्या लॅटिन नांवांत पिंपरी गांव कायमचें जाऊन बसलें आहे.

समुद्राच्या बुरशीनें पहिली हांक दिली ती सार्डिनिया बेटावर. काल्यारी शहरांतील आरोग्यशास्त्राचा अध्यापक जुझेप्पे ब्रोत्सू ह्यानें १९४५ सालीं असें पाहिलें कीं गांवचें सांडपाणी समुद्रांत जेथें पडतें तेथील पाणी कांहीं वेळानें आपोआप निर्मळ होतें, त्यांतील विषमज्वराचे जंतु नाहींसे होतात. त्या पाण्यांतून त्यानें एक बुरशी वेगळी केली. आपला शोध त्यानें १९४८ मध्यें छापला तो एका अगदीं स्थानिक पुस्तिकेंत, आणि बुरशी ऑक्सफर्डला पाठविली. तेथें अब्राहम व त्याचे सहकारी ह्यांनीं तिच्यापासून सेफॅलोस्पोरिन ह्या प्रतिजैविकाचा उगम शोधला. आज आमच्या तालुक्याच्या औषधदुकानांतून ह्या कुळांतील गोळ्या जितक्या खपतात तितका दुसरा माल क्वचितच खपत असेल. सर्दीपडशासाठींही त्या घेतल्या जातात, ही निराळी रड आहे. सांडपाण्याच्या तोंडाशीं सांपडलेली ही बुरशी समुद्राची कीं गटाराची, हें मात्र कोणी छातीस हात लावून सांगणार नाहीं.

ह्यानंतर स्पंज आणि बुरशी हे दोन धागे एकत्र आले. ओसाकाचे कोबायाशी, कितागावा वगैरे संशोधक ह्यांनीं १९९३ सालीं एका सागरी स्पंजांतून ट्रायकोडर्मा हार्झियानम ही बुरशी वेगळी करून वाढविली व तिच्यापासून 'ट्रायकोहार्झिन' नांवाचें नवें द्रव्य मिळविलें. आमच्या बागाईतदाराच्या पुडींतील जाति ती हीच. मग जणूं दार उघडलें. २००० सालीं जर्मन संशोधकांच्या एका मेळ्यानें सहा ठिकाणच्या १६ जातींच्या स्पंजांतून बुरशींचे ६८१ वाण वेगळे केले. आणि २००५ सालीं ब्रिंगमान, इम्होफ, प्रोक्श आदि जर्मन शास्त्रज्ञांनीं भूमध्य समुद्रांतील एका स्पंजाच्या बुरशीपासून सॉर्बिसिलॅक्टोन हें पिवळें द्रव्य मिळाल्याचें प्रसिद्ध केलें. प्रयोगनळींत तें रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींस मारतें आणि इतर पेशींस त्या मानानें फारसा अपाय करीत नाहीं. ती बुरशी कोणती? पेनिसिलियम क्रायसोजेनम, म्हणजे खरबुजावरची ती पेनिसिलिनचीच जाति. आणि स्पंज कोणता? इर्सिनिया! ज्या गटाच्या अंगांतील स्वतःचे तंतु पाहून कार्टरनें त्यांत परका जीव राहतो असें म्हटलें, त्याच गटाच्या अंगांत सव्वाशें वर्षांनीं परका जीव खरोखरच सांपडला. कार्टरचा पुरावा खोटा होता. वर्दी मात्र अगदींच खोटी नव्हती.

ह्या शोधाचें महत्त्व नुसत्या कुतूहलापुरतें नाहीं. स्पंजापासून औषध काढावयाचें तर स्पंज किती मारावे लागतात, ह्याचा हिशेब पहावा. जपानांत हिराता व उएमुरा ह्यांनीं हॅलिकोंड्रिन नांवाचें कर्करोगावर अत्यंत प्रभावी द्रव्य १९८६ च्या सुमारास मिळविलें, तेव्हां ६०० किलो स्पंजांतून त्यांच्या हातीं आलें अवघें साडेबारा मिलिग्रॅम. चिमूटभरही नव्हे. अशा रीतीनें एका रुग्णालयाची गरज भागवावयाची म्हटली तर समुद्र धुवून निघेल. तें द्रव्य पुढें रसायनशास्त्रज्ञांनीं अतोनात श्रमानें कृत्रिम रीतीनें घडविलें, आणि त्याच्या एका अंशावरून बनविलेल्या औषधास २०१० सालीं परवानगी मिळाली, म्हणून तें वांचलें. परंतु द्रव्य जर बुरशीचें असेल, तर स्पंजाचा सुपारीएवढा तुकडा पुरतो. बुरशी एकदां वेगळी केली कीं पिंपरीस पेनिसिलिन वाढवीत तशी ती टाक्यांतून हवी तितकी वाढवितां येते, आणि स्पंज आपल्या खडकावर सुखानें राहतो. बिऱ्हाडकरू कोण हें ठरविण्यावर घरमालकाचा जीव अवलंबून आहे, तो असा.

येथें दुसऱ्या कार्टरच्या बाटलींतील तांबूस बुरशी आठवावी. पेनिसिलियम, ट्रायकोडर्मा ह्या बुरश्या जमिनीवर सर्वत्र आहेत. त्यांचे बीजकण वाऱ्यानें उडतात, नद्यांतून समुद्रास मिळतात. आणि स्पंज तर अहोरात्र पाणी गाळीत बसलेला. मग त्याच्या अंगांत जें सांपडतें तें बिऱ्हाड करून राहिलेलें, कीं गाळण्यांत अडकलेला कचरा? हा आक्षेप पोकळ नाहीं, आणि पुष्कळ उत्साही संशोधक त्याकडे डोळेझांक करितात असें आमचें मत झालें आहे. स्पंजांतून काढलेली बुरशी तबकडींत वाढली, एवढ्यावरून ती स्पंजांत नांदत होती असें सिद्ध होत नाहीं. कदाचित् निजलेला बीजकणच तबकडींत जागा झाला असेल.

तथापि खऱ्या बिऱ्हाडाचेही पुरावे आतां पुढें आले आहेत. माल्दोनादो व त्याचे सहकारी ह्यांना २००५ मध्यें काँड्रिला नांवाच्या स्पंजाच्या अंगांत किण्वासारखी एकपेशी बुरशी आढळली. ती आईच्या अंड्यांतून पुढच्या पिढीकडे जाते. आजीच्या घरांतील बिऱ्हाडकरू नातीच्या घरींही असावा, ह्याहून अधिक काय पाहिजे? दुसऱ्या एका स्पंजाच्या पेशींत बुरशीच्या आवरणांतील शर्करा ओळखणारी योजनाच असल्याचें २००४ सालीं दिसून आलें. ज्याच्याशीं कधीं गांठ पडत नाहीं त्यास ओळखण्याची तजवीज कोणी कशास ठेवील? उलट बाजूही सांगितली पाहिजे. कांहीं स्पंजांच्या देहाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग जीवाणूंनींच भरलेला असतो, आणि थिओनेला ह्या रसायनसमृद्ध स्पंजाचीं बहुतेक गुणकारी द्रव्यें एक जीवाणु तयार करतो, हें २०१४ सालीं सिद्ध झालें. म्हणजे घर एक, आणि बिऱ्हाडें अनेक. कोणत्या चुलीवर काय शिजतें तें प्रत्येक खेपेस निराळें पहावें लागतें.

आमच्या किनाऱ्याची स्थिति काय? गोव्यास दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ सालीं स्थापन झाली. तेथें भारतीय किनाऱ्यावरील स्पंजांचें रसायन तपासलें गेलें, आणि चंद्रलता रघुकुमार ह्यांनीं समुद्री बुरशींच्या अभ्यासास आयुष्य वाहिलें; हिंदी महासागराच्या सुमारें ५००० मीटर खोलीवरील गाळांतही बुरशी आहे हें त्यांच्या मंडळींनीं दाखविलें. पुण्याच्या आघारकर संस्थेंत बुरशींचें मोठें संग्रहालय आहे. ह्या संस्थेचे संस्थापक शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मालवणचे. १९४६ सालीं त्यांनीं तिचा पाया घातला, आणि कवकसंग्रहास नांव आहे तें आजरेकरांचें. २०१२ सालीं पणजीस बोरसे, भट आदि पांच लेखकांचा भारतांतील समुद्री बुरशींवरील ग्रंथ निघाला. तो चाळतांना आम्हांस दिसलें कीं वर्षानुवर्षें कोणी ना कोणी चिखलांत उतरून तिवरांचीं मुळें, वाहून आलेलीं लांकडें, होड्यांच्या फळ्या तपासल्या आहेत. बुरशी लांकडावर शोधावी हा जुना आणि रास्त शिरस्ता. स्पंज त्यांत उशिरां आला. स्पंज ओळखणारा एक, बुरशी ओळखणारा दुसरा, रसायन सोडविणारा तिसरा, हे तिघे एका मेजावर बसल्याशिवाय हें काम होत नाहीं. आणि पहिल्या दोघांची विद्या आजच्या महाविद्यालयांतून झपाट्यानें ओसरत आहे. यंत्र घेतां येतें. स्पंजाचा तुकडा हातांत घेऊन त्याची जात सांगणारा माणूस तयार व्हावयास वीस वर्षें लागतात.

कार्टरच्या तलावांचें पुढें काय झालें तेंही सांगितलें पाहिजे. विसाव्या शतकांत, मुख्यतः हिंवतापाच्या भयानें, मुंबईचे बहुतेक जुने तलाव बुजविण्यांत आले. त्यांत चूक होती असें आम्ही म्हणणार नाहीं. डांसांनीं माणसें मरत होतीं. धोबी तलाव आणि गवालिया टँक हीं आतां केवळ चौकाचीं व मैदानाचीं नांवें उरलीं आहेत. त्या तलावांतील पांढऱ्या, राखी स्पंजांच्या अंगांत कोण राहत होतें, हें कार्टरनें पाहिलें नाहीं, आणि आतां त्या ठिकाणीं कोणास पाहतांही येणार नाहीं. त्या जाति सुदैवानें इतरत्र आहेत.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही दोघां विद्यार्थ्यांस घेऊन तालुक्यांतील एका पाझर तलावावर गेलों. पाणी तळाशीं गेलें होतें आणि कांठचे काळे फत्तर उघडे पडले होते. कार्टरनें सांगितल्याप्रमाणें त्यांवरचीं राखी पुटें खरवडून, कागदांत बांधून आणलीं, आणि वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांच्या सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवलीं. स्पंज असता तर कांचेच्या सुयांसारखे कण दिसावयास हवे होते. दिसलें तें वाळलेलें शेवाळ आणि गाळाची माती. ह्या वर्षीं पाणी उतरलें म्हणजे पलीकडच्या बाजूस, जेथें सांडव्याखालीं ओल अधिक दिवस टिकते तेथें, पुन्हां जावयाचें ठरलें आहे.